स्थापना सोयीनुसार : भंडारा जिल्ह्यातल्या एका कल्पित बारचा खराखुरा इतिहास

इतिहास विकत मिळतो आणि तो पेट्यांत भरून जहाजाने पाठवताही येतो, हे १९९० च्या दशकात डब्लिनच्या एका कंपनीने सिद्ध केले. आयरिश पब हवा असलेल्या कोणत्याही देशातल्या माणसाने मागणी नोंदवायची. कंपनी खेड्यातला पब, व्हिक्टोरियन काळातला पब, किराणा दुकानाला जोडलेला पब असे नमुने दाखवणार. त्यातला एक पसंत केला की लाकडी काउंटर, धुरकट आरसे, गंजक्या पाट्या आणि जुन्या बाटल्या असा सगळा ऐवज कंटेनरमधून रवाना. कोपऱ्यात दोन-तीन वादकांना बसायला पुरेल एवढी जागाही आराखड्यातच असे. काल रंग वाळलेल्या भिंतीखाली बसून गिऱ्हाईक शंभर वर्षांपूर्वीच्या आयर्लंडची हळहळ अनुभवू शके.

यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. १९८३ साली एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेल्या ग्रंथात याहून मोठ्या मंडळींची अशीच झडती घेतली आहे. स्कॉटिश वीरांचा प्राचीन पोशाख म्हणून जो आखूड घागरा मिरवला जातो, तो अठराव्या शतकात एका इंग्रज कारखानदाराने बेतलेला आहे, असे त्यात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी मांडले. अख्ख्या राष्ट्राला जे शोभले ते एका बारला का शोभू नये?

म्हणून आपण एक बार कल्पू. तो भंडारा जिल्ह्यात आहे, पूर्वी सहा आणि आता ५३ क्रमांकाचा जो राष्ट्रीय महामार्ग नागपूरहून भंडारा, लाखनी, साकोली करत रायपूरकडे जातो त्याच्या आसपास. बाहेर निळ्या दिव्यांत 'लाइव्ह म्युझिक' अशी अक्षरे आहेत. आत एक कीबोर्ड, एक ऑक्टोपॅड, दोन माइक, आणि रात्री साडेनऊला हिंदी सिनेमातली जुनी गाणी म्हणणारे एक गायक व एक गायिका. मालकाला दारावर पितळी पाटी हवी आहे आणि पाटीवर 'स्थापना' या शब्दापुढे एक भारदस्त साल. ते साल आपल्याला शोधून, म्हणजे बनवून, द्यायचे आहे. बार कल्पित असला तरी पुढे जे येते ते कल्पित नाही. खोटा इतिहास रचायला बसले की खरे साहित्य फार लागते.

पितळी पाटी म्हटल्यावर पहिला मोह गावाच्या नावाचा होतो. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिल्या जाजल्लदेवाच्या १११४ सालच्या शिलालेखात त्याला खंडणी देणाऱ्या प्रदेशांत लांजिका म्हणजे लांजी, वैरागर आणि भाणारा ही नावे येतात. भाणारा म्हणजे आपले भंडारा. भाण म्हणजे पितळ आणि पितळेच्या भांड्यांचे गाव म्हणून भाणारा, ही व्युत्पत्ती जिल्ह्यात सर्वतोमुखी आहे. पितळेपासून ब्रास बँडपर्यंत पाऊल टाकायला फारसा निर्लज्जपणा लागत नाही. 'स्थापना १११४, पितळवाद्यांच्या मूळ भूमीत' असे लिहिता येईल. अडचण एवढीच, की शिलालेखात भाणारा आले आहे ते खंडणी देणारे म्हणून. दर महिन्याला कोणाकोणाला काय काय द्यावे लागते याची आठवण दारावरच कोरून ठेवणे बारमालकाला रुचेल असे वाटत नाही.

मग आणखी मागे जावे. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले आणि प्राचीन स्तूप उजेडात आला. दोन हजारांहून अधिक वर्षांचा वारसा. पण स्तूप म्हटला की पंचशील आले, आणि त्यातले पाचवे शील बारमालकाच्या थेट पोटावर येते. थोडे अलीकडे यावे तर लीळाचरित्रात भेटणारे नीळभट भांडारेकार याच गावचे. पण महानुभावांचे आचारधर्म पाहता तेही आपल्या पाटीवर यायला राजी होणार नाहीत. जिल्ह्यातली जी जी जुनी आणि आदरणीय नावे उचलावीत, ती ती दारूच्या विरोधात साक्ष द्यायला उभी राहतात. प्राचीन इतिहासाने बारमालकाची इतकी गैरसोय केलेला दुसरा जिल्हा माझ्या पाहण्यात नाही.

राहता राहिला मोह. हा शब्द इथे झाडाचा आहे, मनाचा नाही. झाडीपट्टीत मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात आणि उजाडायच्या आत बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. ती वाळवली जातात, खाल्ली जातात, गुरांना जातात, आणि बाकीचे वाचकांना ठाऊक आहे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे नाव मोहाडी आहे. तेव्हा व्युत्पत्तीचा हा दुसरा मोहही टाळणे कठीणच.

मोहाच्या दारूची मध्य भारतात सांगितली जाणारी एक उत्पत्तिकथा आहे. रानात तहानलेला माणूस एका झाडाखाली येतो. झाडाच्या ढोलीत पाणी साचलेले, त्यात फुले पडून आंबलेली. पक्षी ते पितात आणि डुलू लागतात. मग कोणी सांगते, की या पाण्यात आधी पोपट पडला, मग वाघ पडला आणि शेवटी डुक्कर. म्हणून पिणारा पहिल्यांदा गोड बोलतो, मग गुरगुरतो आणि अखेर चिखलात लोळतो. तपशील गावोगाव बदलतात, प्राण्यांचा क्रम मात्र सहसा बदलत नाही. बारच्या पाटीसाठी मी शोधलेल्या सगळ्या मजकुरात हा एकच असा आहे की ज्याची सत्यता रोज रात्री अकरापर्यंत तपासून घेता येते.

तरीही ही झाली दारूची कुळकथा. आपल्या पाटीवर 'लाइव्ह म्युझिक' आहे. मुंबईचे सोपे आहे. १९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकन कृष्णवर्णीय वादक आपला जॅझ वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला, पुढे गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी ती कला उचलली आणि तीच मंडळी नंतर हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत शिरली. तिथल्या कोणत्याही बारने आपला आजा ताजमध्ये ट्रम्पेट वाजवत होता असे म्हटले तर कोणी हसणार नाही. भंडाऱ्याच्या बारला आजा शोधायचा तर कुठे?

मंडईत.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला मंडई म्हटले की भाजी आठवते, म्हणून सांगतो. भंडारा, गोंदिया आणि आसपासच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा. बलिप्रतिपदेला गाई-गोधन होते, भाऊबीज उरकते आणि मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची, असे आठवडेच्या आठवडे चालते. लेकी-जावई येतात, दूरचे पाहुणे येतात, मिठाईची आणि बांगड्यांची दुकाने लागतात, सोयरिकी जुळतात. धान कापणीला आलेले किंवा कापून पडलेले असते. आणि रात्री खेळ असतो. कुठे दंडार, कुठे नाटक, कुठे खडी गंमत. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला, पण मंडईने ती सीमा अजून मान्य केलेली नाही.

दंडारीवर साकोलीकडचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी मूलभूत काम केले आहे, झाडीबोलीला बोली म्हणून मान मिळवून देण्याचे श्रेयही मोठ्या प्रमाणात त्यांचेच. नाटकांचे म्हणाल तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला, झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांची पेठच आहे. तिथले विनोदी नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. खडी गंमत मात्र या दोघींच्या मधे उभी आहे. उभी हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण खडी ती उभ्याने करायची म्हणून.

गंमतीला पडदा लागत नाही, नेपथ्य लागत नाही. चौकात किंवा देवळापुढे मोकळी जागा, भोवती बसलेले गाव आणि मधे फड. शाहीर, ढोलकीवाला, तुणतुणे, मंजिऱ्या, मागून सूर धरणारे साथीदार आणि नाच्या. नाच्या म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष. गण होतो, गौळण होते, लावणी होते, झगडा होतो, मग एखादा प्रसंग उभा राहतो. वाजवणाराही उभाच असल्यामुळे कोण वादक आणि कोण पात्र याची सीमा सतत पुसली जाते. ढोलकीवाला मधेच सासरा होतो, तुणतुणेवाला पाटील होतो, आणि संवाद संपला की दोघे पुन्हा तालात येतात. या फडात चार माणसे कमी असली तरी खेळ अडत नाही, कारण प्रत्येकाला दोन-दोन जन्म ठाऊक असतात.

आणि इथेच आपल्या पाटीच्या शोधाला उत्तर मिळते. बनावट वंशावळ हा गंमतीच्या बतावणीचा हातखंडा विषय आहे. 'तू कोण?' असे शाहिराने विचारायचे आणि समोरच्याने आपले कूळ सांगायला सुरुवात करायची. ते कूळ कधी इंद्राच्या दरबारातून निघते, कधी रावणाच्या स्वयंपाकघरातून, आणि फिरत फिरत शेवटी याच गावच्या एखाद्या प्रतिष्ठिताच्या गोठ्यात येऊन थांबते. ज्याचा गोठा, तो पहिल्या ओळीत बसलेला असतो आणि सर्वांत मोठ्याने हसतो. निदान हसावे लागते.

शाहिरी परंपरेने स्वतःची कुळकथाही अशीच मोठ्या ऐटीत बाळगली आहे. कलगी आणि तुरा हे तिचे दोन पक्ष. कलगीवाले शक्तीचे मोठेपण गातात, तुरेवाले शिवाचे, आणि रात्रभर सवाल-जवाब चालतात. उगम विचारला तर सांगतात, की तुकनगीर नावाचे एक गोसावी आणि शाहअली नावाचे एक फकीर चंदेरीच्या राजापुढे गायले. राजाला दोघांपैकी कोणाला डावे ठरवता येईना, म्हणून त्याने आपल्या मुकुटातला तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला काढून दिली. माळव्यात, राजस्थानात ही कथा थोड्याफार फरकाने मिळते. इतिहास म्हणून ती किती टिकेल कोण जाणे. पण एक हिंदू, एक मुसलमान आणि निकाल देता न येणारा राजा, अशी कुळकथा ज्यांनी स्वतःसाठी निवडली त्यांची अभिरुची डब्लिनच्या कंपनीपेक्षा नक्कीच वरची.

कथा काल्पनिक असली तरी शाहीर नोंदींच्या बाबतीत ढिला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. रचनेच्या शेवटच्या कडव्यात गुरूचे नाव, गावाचे नाव आणि स्वतःचे नाव गुंफायचे हा दंडक आहे. पाटी आहे ती तिथे. हस्तलिखित वह्यांची बाडे घरोघर असतात, कापडात गुंडाळलेली, काही वाळवीने वाचून झालेली. कोणाचा गुरू कोण, कोणत्या गावच्या फडाला कोणत्या फडाने निरुत्तर केले, हे या कडव्यांवरून लावता येते. हे बाडांचे साहित्य एकत्र आणून जिल्ह्याचा सांगीतिक नकाशा कोणी काढला तर तो मला कोणत्याही दरबारी बखरीपेक्षा मोलाचा वाटेल.

आता बारकडे वळू, कारण या वंशात मधेच कायदा जन्माला आला.

महाराष्ट्रात आजही जो कायदा लागू आहे त्याचे मूळ नाव मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकणारे राज्य म्हणून आपली कीर्ती आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि विदेशी मद्याच्या १९५३ च्या नियमांनुसार तो परवाना दिला जातो तो धारकाचे 'आरोग्य राखण्यासाठी'. म्हणूनच बारच्या दारावर 'परमिट रूम' लिहिलेले असते. कायद्याच्या डोळ्यांनी पाहिले तर आपला बार हा एक दवाखाना आहे, आणि तिथे गाणे-बजावणे चालते ते रुग्णांच्या मनोरंजनासाठी. पोपट, वाघ आणि डुक्कर हे तीनही रुग्णच.

दवाखान्यात नाच असावा की नाही यावर या राज्याने चौदा वर्षे घालवली. २००५ साली मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमे घालून डान्स बार बंद झाले. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट होती, म्हणजे अश्लीलता तारे मोजून ठरणार होती. उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ती कलमे रद्द ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तोच निकाल कायम केला. २०१४ मध्ये सरकारने ताऱ्यांची सूट काढून टाकून बंदी पुन्हा आणली, २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली, २०१६ मध्ये नवा कायदा आला. त्याच्या नियमांत नाचणारी आणि पिणारा यांच्यामध्ये आडोसा हवा, जवळपास शाळा-मंदिर नको, नाच असेल तिथे दारू नको, अशा अटी होत्या. १७ जानेवारी २०१९ च्या निकालाने त्यातल्या बऱ्याच गेल्या. पैसे उधळण्यावरची बंदी राहिली, हातात बक्षीस द्यायला हरकत नाही असे ठरले, आणि वेळ संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा अशी राहिली.

ही सारी तारीखवार कसरत चालू असताना हजारो बायकांचे उत्पन्न एका रात्रीत थांबले होते, हे तारखांमध्ये दिसत नाही. काहींनी हातात माइक घेतला. नाच बंद होता, गाणे बंद नव्हते. ऑर्केस्ट्रा बार फोफावला तो या फटीतून. आपल्या कल्पित बारमधली गायिका कुठून आली असेल असा प्रश्न पडला तर उत्तर जॅझमध्ये नाही, ३३अ मध्ये शोधावे लागेल.

ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यातही एक अट होती. मंचावर एकूण आठ कलावंत, त्यात चार स्त्रिया आणि चार पुरुष. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२२ रोजी ही स्त्री-पुरुष वाटणी रद्द केली. एकूण आकडा आठच राहिला, पण त्यात कोण किती हे परवाना देणाऱ्याने ठरवायचे नाही असे सांगितले. हा निकाल समतेच्या तत्त्वावर उभा आहे आणि योग्यच आहे. मला मात्र तो वाचताना मंडईतला नाच्या आठवत होता. चार आणि चारची अट जर खडी गंमतीला लावायची वेळ आली असती, तर त्याला कोणत्या चारांत धरले असते? परवाना अधिकारी रजिस्टर घेऊन चौकात उभा आहे, नाच्या पदर सावरत त्याला कूळ सांगतो आहे आणि गाव हसते आहे. असा एक झगडा लिहायला कोणत्याही शाहिराला रात्र पुरली असती.

महामार्गाचाही एक अध्याय आहे. राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकाल १ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. वीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटरवर आले, पुढे शहरहद्दीतल्या दुकानांना मोकळीक मिळाली. या मधल्या काळात केरळमधल्या परवूरच्या एका बारने दारापुढे भिंतींचा चक्रव्यूह बांधला. रस्ता होता तिथेच राहिला, बार होता तिथेच राहिला, पण वळणे घेत चालायचे अंतर कायद्यात बसेल एवढे वाढले. अभिमन्यूला आत जाणे ठाऊक होते, बाहेर येणे नाही. बारचे गिऱ्हाईकही बहुधा त्याच अवस्थेत.

आता नकाशा उघडा. वर्धा १९७५ पासून दारूबंदी जिल्हा, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपूर २०१५ ते २०२१ या काळात. भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेला लाखांदूर तालुका संपला की गडचिरोलीची हद्द लागते आणि तिथून वडसा हाकेच्या अंतरावर. म्हणजे सीमेच्या एका बाजूला परवाना आहे आणि दुसऱ्या बाजूला संगीत. झाडीपट्टीच्या नाटकाला ऑर्गन, तबला, ढोलक, अलीकडे ऑक्टोपॅड अशी जिवंत साथ लागते, रात्री दहाला सुरू झालेला खेळ पहाटेपर्यंत जातो आणि वादक तोवर जागचा हलत नाही. राज्यात सलग इतके तास लाइव्ह म्युझिक देणारी दुसरी जागा क्वचितच असेल, आणि तिची राजधानी कोरड्या जिल्ह्यात आहे. परवाना असलेल्या बाजूला मात्र कीबोर्डवर रेकॉर्ड केलेला ठेका लावून तीच वीस गाणी फिरत असतात. हा माझा पूर्वग्रह असेल, पण असे गाणे रुग्णाच्या आरोग्यालाही हितकारक नसावे.

गंमतीवाल्यांचे दारूशी असलेले आजचे अधिकृत नाते तर याहून चमत्कारिक आहे. मंडईच्या सुपाऱ्या कमी झाल्या, गावे डीजेकडे आणि पडद्यावरच्या लावणीकडे वळली, तेव्हा बऱ्याच फडांना सरकारी प्रचाराच्या कामांनी हात दिला. स्वच्छता, लसीकरण, योजनांची माहिती आणि अर्थातच व्यसनमुक्ती. आपल्या बारचा जो सख्खा आजा, तो ढोलकीच्या तालावर दारूचे दुष्परिणाम सांगत गावोगाव फिरतो आहे. नाच्या पिऊन आलेल्या नवऱ्याची बायको होतो आणि असे काही सुनावतो की प्रबोधन होवो न होवो, गर्दी हलत नाही. पोपट, वाघ, डुक्कर इथेही येतात.

वेळेचे पाहू. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात, की रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. पुढच्या दुरुस्तीने वाद्येही त्यात आली. अपवाद बंदिस्त जागेचा. सरकारला सणासमारंभांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, तीही वर्षातून पंधरा दिवसांपुरती. झोपेचा हक्क मोठा आहे आणि डीजेच्या भिंती ज्यांनी छातीत अनुभवल्या आहेत त्यांना या नियमांचे महत्त्व समजावून सांगायला नको. पण परिणाम असा, की रात्री दहा वाजता चौकातली ढोलकी कायद्याच्या कक्षेत येते आणि वातानुकूलित खोलीतला ऑक्टोपॅड साडेअकरापर्यंत निर्धास्त राहतो. गंमतीचा तर पाचशे वर्षांचा, बरे पाचशे नको, निदान आजोबा-पणजोबांच्या आठवणीतला रिवाज असा, की खरा रंग बाराच्या पुढे चढतो. मुले झोपली, म्हातारे चादरी गुंडाळून सरसावून बसले, की सवाल कठीण होऊ लागतात.

आणि आता कागदाचे. राज्य सरकार वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने असलेल्या या योजनेत आता दरमहा ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी वयाची पन्नाशी उलटलेली हवी, कलेत पंधरा वर्षांची कामगिरी हवी आणि तिचे पुरावे हवेत. पुरावे म्हणजे प्रमाणपत्रे, छायाचित्रे, वृत्तपत्रांतली कात्रणे. अट वाजवीच आहे, सरकारी पैसा नुसत्या सांगण्यावर कसा द्यायचा? पण चाळीस वर्षे रात्री बारानंतर चौकात उभे राहून गाणाऱ्या माणसाचे छायाचित्र कोण काढणार होते? बातमी द्यायला वार्ताहर त्या वेळी जागा असेलच असे नाही. आणि नाच्याचे एखादे छायाचित्र निघालेच तर त्यात जी बाई दिसते ती म्हणजे अर्जावरचा हा मिशीवाला गृहस्थ, हे पटवायला पुन्हा वेगळा दाखला. त्याच्याकडे असते ते बाड, आणि बाडातले शेवटचे कडवे, ज्यात गुरू, गाव आणि नाव स्वच्छ लिहिलेले असते. त्यावर कार्यालयाचा शिक्का मात्र नसतो.

इकडे आपल्या बारमालकाला कोणताही पुरावा कोणी मागत नाही. पाटीवर १११४ लिहिले तरी चालते आणि १८५७ लिहिले तरी चालते. फार तर एखादा इतिहासाचा प्राध्यापक पहिल्या पेल्यानंतर हरकत घेईल आणि तिसऱ्यानंतर मागे घेईल.

तेव्हा माझी शिफारस अशी आहे. पाटीवर साल हवेच असेल तर १९४९ लिहावे, कारण परमिट रूम ज्या कायद्याखाली चालते त्याचे ते साल आहे आणि त्याला राजपत्राचा आधार आहे. उरलेल्या जागेत राजे-महाराजे घालू नयेत. परिसरातल्या एखाद्या उतारवयाच्या शाहिराला बोलावून, त्याची हरकत नसल्यास, त्याचे नाव, त्याच्या गुरूचे नाव, गाव आणि तो किती वर्षे गंमत करतो आहे हे पितळेत कोरून घ्यावे. उद्घाटन मंडईच्या आठवड्यात ठेवावे, म्हणजे फड गावातच असतो. गाणे संध्याकाळी सातला, दहाच्या आत संपेल असे. पाटीशेजारी शाहीर उभा असताना स्थानिक वार्ताहराने छायाचित्र काढावे, ते तारखेसह छापून यावे, आणि त्या कात्रणाची झेरॉक्स शाहिराने मानधनाच्या अर्जाला जोडावी.